कधीही न भेटलेल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपली भेट कधी झाली नाही. तुम्ही मायक्रोस्कोपखाली पेशी बघून आजार ओळखणाऱ्या. मला ओळखता ते काचेवरच्या दोन तुकड्यांमधून, शिवणाच्या दोऱ्याइतक्या बारीक. ते माझ्या किडनीचे. खरं तर माझ्या ताईच्या. सहा वर्षांपूर्वी तिने ती मला दिली आणि माझं डायलिसिस सुटलं.

गेल्या वर्षी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की वाढणारा आकडा, तीन महिन्यांत 1.2 वरून 2.3 वर गेलं. ताप नाही, सूज नाही, लघवी व्यवस्थित. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाच्या मनात अशा वेळी एकच शब्द येतो, रिजेक्शन, म्हणजे शरीराने परक्या किडनीवर केलेला हल्ला. ताईला सांगायचा धीर मला चार दिवस झाला नाही. बायोप्सीच्या, म्हणजे सुईने किडनीचे तुकडे काढण्याच्या वेळी बेंबीच्या खाली उजवीकडे दोनदा 'खट्' आवाज झाला. मग जखमेवर वजन ठेवून सहा तास उताणं पडून राहायचं होतं. ते सहा तास मी ताईची माफी कशी मागायची याचाच विचार करत होते.

दोन दिवसांत यायचा रिपोर्ट पाचव्या दिवशी आला. तेव्हा मी खूप चिडले होते, त्याबद्दल आधी तुमची माफी मागते. त्या वाढीव तीन दिवसांत काय घडलं, ते आमच्या किडनीच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

रिजेक्शनच्या खुणा तुम्हाला दिसल्या नाहीत. दिसल्या त्या पेशींच्या गोल गाठी, ग्रॅन्युलोमा. अशा गाठी म्हटल्या की पहिला संशय क्षयाचा, आणि तो रास्तच. आमच्यासारख्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर जगणाऱ्यांना क्षय काय, बुरशी काय, केव्हाही गाठू शकते. तुम्ही क्षयाच्या जंतूंसाठी वेगळा स्टेन, म्हणजे ते दिसावेत म्हणून दिलेला रंग, केलात, बुरशीसाठी वेगळा. मेणात बसवलेल्या तुकड्यातून आणखी काप काढून पुन्हा बघितलंत, जंतूंचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी करून घेतलीत. काहीच सापडलं नाही. तरीही, गाठींच्या मधोमध कुजलेला भाग नाही एवढ्यावरून क्षय नाकारता येत नाही, असं तुम्ही रिपोर्टात स्वच्छ लिहिलंत. आणि मग फोन करून तीन गोष्टी विचारल्यात. कॅल्शियम किती आहे? छातीचा जुना सीटी आहे का? हिच्या मूळ किडन्या कशाने गेल्या होत्या?

तिसरा प्रश्न सहा वर्षांत कुणी विचारला नव्हता. माझ्या फाइलवर 'कारण अज्ञात' एवढंच होतं.

कॅल्शियम 11.4 होतं, म्हणजे जास्त. डायलिसिसवर वर्षं काढलेल्यांत मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींमुळे ते वाढतं, म्हणून कुणाला वावगं वाटलं नव्हतं. पण तपासलं तेव्हा पॅराथायरॉइडचं हार्मोन दबलेलं निघालं आणि कार्यक्षम व्हिटॅमिन डी चढलेलं. हे व्हिटॅमिन तयार करायचं काम मुख्यतः किडनीचं, तेही शरीराच्या लगामाखाली. पण सारकॉइडोसिस नावाच्या आजारात, ज्यात जंतू नसतानाही शरीरात अशा गाठी होतात, त्या गाठीच ते करू लागतात आणि त्यांना लगाम नसतो. जुन्या सीटीत फुफ्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना लसिकाग्रंथी सुजलेल्या होत्या, तीही याच आजाराची खूण. हाडांसाठी मी नेमाने घेत असलेली व्हिटॅमिन डीची गोळी त्याच दिवशी बंद झाली. माझ्या मूळ किडन्याही बहुधा याच आजाराने गेल्या असाव्यात, असं आता डॉक्टर म्हणतात.

नुसत्या संशयावर क्षयाची औषधं सुरू झाली असती तर? त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे टॅक्रोलिमसची, म्हणजे रिजेक्शन रोखणाऱ्या माझ्या गोळीची, रक्तातली पातळी झपाट्याने उतरते, म्हणजे नसलेलं रिजेक्शन आम्हीच ओढवून घेतलं असतं. हे ऐकल्यावर मी बराच वेळ पोटावर हात ठेवून बसले होते.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 5 मिलिग्रॅमवरून 40 वर गेलं. चेहरा सुजला, साखर वाढली, झोप उडाली. ते महिने कठीण गेले. पण कॅल्शियम खाली आलं आणि क्रिएटिनिन आज 1.5 आहे. पूर्वीइतकं नाही, पण किडनी काम करते आहे. जंतू वाढवून बघण्याच्या चाचणीत, कल्चरमध्येही काही वाढलं नाही. आजार परत डोकं वर काढू शकतो, म्हणून गोळी अगदी हळूहळू उतरवत आहोत.

परवा ताईला तुमचा रिपोर्ट ओळ न् ओळ समजावून सांगितला. सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "या बाईंना कळवलंस का?"

नव्हतं कळवलं. म्हणून हे पत्र.

आपली ऋणी,
तुमच्या त्या स्लाइडची मालकीण, आणि तिची ताई