संस्थेचा ई-मेल पत्ता संस्थेच्याच नावावर हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह म्हणून मी गेली तीन वर्षे काम पाहतो आहे. पदभार घेताना मला दाखल नोंदवही, इतिवृत्ताचे पुस्तक, पावतीपुस्तके, शिक्के असे सगळे दप्तर यादीनिशी मिळाले. त्या यादीत ई-मेलचा पासवर्ड मात्र नव्हता. वाचनालयाचे जीमेल खाते माझ्या आधीच्या कार्यवाहांनी स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडले होते. ते अचानक गेले, पुढे तो क्रमांकही बंद झाला आणि खाते उघडण्यासाठी लागणारा ओटीपी येण्याची वाटच उरली नाही. प्रकाशकांशी, देणगीदारांशी आणि शासकीय कार्यालयांशी सहा वर्षे झालेला पत्रव्यवहार त्या खात्यात तसाच अडकून राहिला. त्या गृहस्थांनी वाचनालयासाठी पदरमोड केली होती आणि त्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. चूक व्यवस्थेची होती. विश्वस्त बदलले की आपण धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज न चुकता दाखल करतो, पण संस्थेची पत्रे ज्या पत्त्यावर येतात तो पत्ता एका व्यक्तीच्या खिशातील फोनला बांधून ठेवतो.

या अनुभवानंतर आम्ही वाचनालयाच्या नावाचे स्वतंत्र डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे संस्थेचे स्वतःचे नाव, घेतले आणि त्यावर कार्यवाह, ग्रंथपाल व कार्यालय असे तीन पत्ते तयार केले. पत्ते पदांचे आहेत, माणसांचे नाहीत. उद्या मी पायउतार झालो तर पासवर्ड बदलायचा आणि नव्या कार्यवाहांकडे सोपवायचा, एवढेच काम उरेल.

हे काम अवघड असते असा समज आहे, म्हणून ते आम्ही कसे केले ते थोडे सविस्तर सांगतो. डोमेनची नोंदणी एका कंपनीकडे आणि टपालपेटी दुसऱ्या कंपनीकडे असू शकते, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. या दोहोंना जोडतात त्या डोमेनच्या डीएनएसमधील, म्हणजे इंटरनेटवरील नावांच्या सार्वजनिक नोंदवहीतील, नोंदी. त्यांपैकी एमएक्स नोंद ही आपल्या नावाने आलेले पत्र कोणत्या सर्व्हरकडे पोचवायचे ते सांगते. आमच्या डोमेनवर संकेतस्थळ ठेवणाऱ्या कंपनीची जुनी एमएक्स नोंद तशीच राहिली होती, त्यामुळे पहिले दोन दिवस काही पत्रे नव्या पेटीत, तर काही कोणी न उघडणाऱ्या जुन्या पेटीत पडत होती. ती नोंद काढल्यावरच घडी बसली.

पत्रे येऊ लागली, पण आम्ही पाठवलेली पत्रे समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊ लागली. इथे बहुतेक संस्था कंटाळून पुन्हा जीमेलकडे वळतात, असे मला दिसले आहे. आमच्या डोमेनच्या नावाने पत्र पाठवण्याची मुभा कोणत्या सर्व्हरना आहे ते एसपीएफ ही नोंद जाहीर करते, आणि डीकेआयएम ही पत्रावरची लाखेची मोहोर असते; वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. ग्रंथपालांनी स्वतःच्या जीमेलवर आलेल्या चाचणी-पत्राचा मूळ संदेश उघडून पाहिला, तेव्हा दोन्ही तपासण्या नापास झालेल्या दिसल्या. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. आमच्याकडे जुनी आणि नवी अशा दोन होत्या, म्हणून दोन्ही निकामी ठरल्या. डीकेआयएमच्या नोंदीत आम्ही नावाच्या रकान्यात डोमेनसकट पूर्ण नाव लिहिले होते आणि नोंदी भरण्याच्या पानाने (पॅनेलने) त्यापुढे डोमेन पुन्हा आपोआप जोडले होते. दुरुस्ती दहा मिनिटांची होती, शोधायला मात्र चार संध्याकाळी गेल्या. तिसरी नोंद डीमार्क; या तपासण्यांत नापास झालेल्या पत्राचे काय करावे ते ती समोरच्या सर्व्हरला सांगते. ती आम्ही सध्या केवळ निरीक्षणापुरती ठेवली आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने आपल्या खात्यांवर पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी बंधनकारक केले असून, दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी लागतात. त्यामुळे हे सोपस्कार टाळून चालत नाही.

तरीही सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न डोमेन कोणाच्या नावावर आहे, हाच. संकेतस्थळ तयार करून देणारा होतकरू तरुण ते स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावावर घेतो आणि पुढे तो नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी गेला की संस्था पुन्हा पहिल्याच जागी येते. म्हणून नोंदणी संस्थेच्या नावावर, पावती संस्थेच्या नावाची आणि पैसे संस्थेच्या बँक खात्यातून, हा आग्रह धरलाच पाहिजे. डोमेन कायमचे विकत मिळत नाही, ते ठरावीक मुदतीसाठी मिळते. एका वेळी फार तर दहा वर्षे. नूतनीकरणाची सूचना ज्या पत्त्यावर येते तो पत्ता त्याच डोमेनवरचा नसावा, कारण मुदत संपली की ती टपालपेटीही बंद पडते. आम्ही मुदतीची तारीख जडसंग्रह नोंदवहीत लिहिली आहे आणि वार्षिक अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळे शीर्ष काढले आहे.

देवनागरी नावाविषयी मला विचारणा होते. 'डॉट भारत' हे डोमेन २०१४ पासून मिळते आणि मराठी वाचनालयाने ते जरूर घ्यावे, असे मला मनापासून वाटते. मात्र अनेक ऑनलाइन अर्ज देवनागरी ई-मेल पत्ता अजूनही स्वीकारत नाहीत, म्हणून पत्रव्यवहारासाठी रोमन लिपीतला पत्ता सोबत ठेवणे भाग आहे.

रिझर्व्ह बँकेने बनावट संकेतस्थळांना आळा घालण्यासाठी सहकारी बँकांसह सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव डोमेनवर जाण्यास सांगितले. वाचनालये, शाळा, पतसंस्था यांच्यावर असे बंधन नाही. पण पतसंस्थेच्या नावाशी जुळणारे जीमेल खाते कोणीही पाच मिनिटांत उघडू शकतो आणि ठेवीदाराला खरे-खोटे ओळखण्याचे काही साधन राहत नाही, याचा विचार त्यांच्या संचालकांनी करायला हवा.

आपल्या पत्रातून माझी ग्रंथालय संचालनालयाला आणि जिल्हा ग्रंथालय संघांना विनंती आहे, की संघांच्या वार्षिक अधिवेशनात या विषयासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. तिथे भाषण नको. प्रत्येक वाचनालयाच्या एका प्रतिनिधीने संगणकासमोर बसून आपल्या संस्थेच्या नोंदी स्वतः भराव्यात आणि चाचणी-पत्र पोचल्याची खात्री करूनच उठावे. आमचे ग्रंथपाल शेजारच्या तालुक्यांतील वाचनालयांना यासाठी हवी ती मदत करायला तयार आहेत.

आपला,
एका सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह,
जि. सातारा