मतदान युनोचं, बंदोबस्त इंडोनेशियाचा

मा. संपादक, स.न.

रविवारच्या पुरवणीत पूर्व तिमोरवर, म्हणजे इंडोनेशियाला लागून असलेल्या जुन्या पोर्तुगीज वसाहतीवर, लेख आला ते बघून बरं वाटलं, एरवी आपल्याकडे त्या देशाचं नाव तरी कोण घेतंय. पण '१९९९ साली सार्वमत झालं आणि देश स्वतंत्र झाला' असं एका ओळीत उरकलंय ते खटकलं. मत पडलं ३० ऑगस्ट १९९९ ला, स्वातंत्र्य मिळालं २० मे २००२ ला, आणि मधल्या काळातले पहिले तीन आठवडे तर विचारूच नका.

पोर्तुगीजांनी १९७५ मध्ये काढता पाय घेतला, २८ नोव्हेंबरला तिथल्या फ्रेटिलिन या पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि ७ डिसेंबरला इंडोनेशियाचं लष्कर राजधानी दिलीत घुसलंसुद्धा. (तेव्हा युनोच्या आमसभेत निषेधाचा ठराव आला त्यावर भारताने विरोधात मत दिलं होतं, हे आपल्याला कोणी सांगत नाही.) पुढची २४ वर्षं कब्जा, त्यात गोळीने, उपासमारीने आणि आजाराने मिळून कमीत कमी एक लाखावर माणसं गेली असा नंतरच्या सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे. इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो गेले, त्यांच्या जागी हबिबी आले, ते मतदानाला तयार झाले, इथपर्यंत लेखात आहेच.

राहिलंय ते असं की ५ मे १९९९ च्या करारात मतदान युनोने घ्यायचं ठरलं पण बंदोबस्त कोणाचा, तर इंडोनेशियाच्या पोलिसांचा! म्हणजे ज्यांना तिथून हलायचंच नव्हतं त्यांच्याच हातात दांडका, आणि लष्कराने पोसलेल्या मिलिशिया म्हणजे खाजगी हत्यारबंद टोळ्या गावोगाव धमक्या देत फिरतायत. तिथल्या लिकिसा गावच्या चर्चमध्ये आसरा घेतलेल्या लोकांना तर एप्रिलमध्येच मारलं होतं, करारावर सह्या व्हायच्या आधी. म्हणजे पुढे काय होऊ शकतं ते सगळ्यांना दिसत होतं.

आम्हा गोंयकारांना हे जास्त लागतं. आपला १९६७ चा ओपिनियन पोल आठवा, प्रश्न वेगळा होता मान्य, स्वातंत्र्याचा नव्हता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं एवढाच होता, मतपत्रिकेवर विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासितला दोन पानं. पण मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार विलीनीकरणाच्या बाजूचं, म्हणून विरोधकांनी मागणी लावून धरली आणि मतदानाआधी सरकारने राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवटीत मतदान झालं. भाऊसाहेब हरले, पण मतदानावर बोट ठेवायला जागा राहिली नाही. दिलीत हेच कोणी केलं नाही.

तरीपण ९८ टक्क्यांवर लोक मत द्यायला आले, पहाटेपासून रांगा, डोंगरातनं चालत आलेली म्हातारी माणसं. कोणत्या गावाने काय मत दिलं ते कळून सूड उगवला जाऊ नये म्हणून सगळीकडच्या मतपत्रिका दिलीत आणून एकत्र मिसळून मोजल्या. ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियातली स्वायत्तता नाकारली, म्हणजेच स्वातंत्र्य मागितलं. ४ सप्टेंबरला निकाल लागला आणि मग जी जाळपोळ सुरू झाली त्यात दिली शहर बेचिराख झालं, अडीच लाखांच्या आसपास लोक बेटाच्या इंडोनेशियाकडच्या भागात, पश्चिम तिमोरमध्ये गेले, त्यातल्या कित्येकांना तर जबरदस्तीने नेलं. गावं वेगळी कळू नयेत म्हणून केलेल्या खटाटोपाचा काय उपयोग झाला सांगा, टोळ्यांनी सरसकट सगळंच पेटवलं. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालची फौज उतरली २० सप्टेंबरला. तीच फौज महिनाभर आधी का नाही आली, हा प्रश्न लेखात यायला हवा होता, कारण 'सार्वमत घेऊन टाका' असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत पण त्या दिवशी बूथबाहेर बंदूक कोणाची असेल ते कोणी विचारत नाही.

जमलं तर पुढच्या पुरवणीत पश्चिम पापुआवर, म्हणजे न्यू गिनी बेटाच्या इंडोनेशियाकडच्या अर्ध्या भागावर पण लिहा. तिथे १९६९ साली याच इंडोनेशियाने जेमतेम हजारेक माणसं स्वतःच निवडली, त्यांच्याकडून जाहीरपणे हो म्हणवून घेतलं आणि त्यालाच जनतेचा कौल म्हटलं.

— एक वाचक, फोंडा