तक्रार ज्यांच्याविरुद्ध, चौकशी त्यांच्याचकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालकल्याण समितीच्या, म्हणजे निराधार आणि संकटातल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीच्या, कामाबद्दल तक्रार असेल तर ती कोणाकडे करायची, हे आमच्या जिल्ह्यातल्या समितीच्या कार्यालयात कुठेही लिहिलेले नाही. १०९८ या बालमदत क्रमांकाचा फलक आहे, योजनांची पोस्टर आहेत, ‘विनापरवानगी प्रवेश नाही’ तर ठळक अक्षरांत आहे. मी निवृत्त शिक्षिका. विधवा आणि टाकलेल्या बायकांचे, नातवंडे सांभाळणाऱ्या आज्यांचे बालसंगोपन योजनेचे (अशी मुले घरीच वाढावीत म्हणून दरमहा मिळणारी सरकारी मदत) अर्ज भरून देते, म्हणून त्या बाकड्यावर बसणे मला नवीन नाही.

कायदा मात्र स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २७(१०) प्रमाणे समितीच्या कामकाजाविरुद्धच्या तक्रारींचे निवारण करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. स्वतः मूल किंवा त्याच्याशी संबंधित कोणीही तक्रार देऊ शकते. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, तिने हे आणखी पक्के केले: जिल्हाधिकाऱ्यांनी दखल घ्यायची, दोन्ही बाजूंना म्हणणे मांडू द्यायचे आणि मग आदेश द्यायचा. साहेबांना वेळ नसतो म्हणावे, तर या कायद्यात अपर जिल्हाधिकारीही ‘जिल्हाधिकारी’च धरले आहेत.

प्रत्यक्षात काय होते ते सांगते. आमच्या गावातल्या एका आजींकडे दोन नातू आहेत. बाप वारला, आई निघून गेली. अर्जाच्या चौकशीसाठी बाल संरक्षण कक्षातून गृहभेटीला आलेल्या कर्मचाऱ्याने ओट्यावर उभे राहून, शेजारपाजारचे ऐकत असताना, ‘पोरांची आई कोणाबरोबर गेली?’ असे विचारले. थोरला आठवीत आहे. तो घरात निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी शाळेला गेला नाही. पुढे अहवालात ‘कागदपत्रे अपूर्ण’ असा शेरा पडला. कोणती कागदपत्रे, ते लिहिलेले नाही. विचारायला गेलो की ‘समिती आज बसली नाही’. महिन्यातून किमान वीस दिवस समितीने बसले पाहिजे, असे याच कायद्याचे कलम २८ सांगते. मुलामागे महिना २,२५० रुपये ही रक्कम कोणाला किरकोळ वाटत असेल, त्या घरात तेवढ्यावर महिन्याचा किराणा भरतो.

आजींचा अंगठा घेऊन मी कलमासह तक्रार लिहिली आणि जिल्हाधिकारी कार्यालयात आवक क्रमांक घेतला. काही आठवड्यांनी पत्राची प्रत आली: मूळ अर्ज सोबत जोडला असून नियमानुसार कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळवावे. हे पत्र महिला व बालविकास कार्यालयाला. तिथून ते बाल संरक्षण कक्षाकडे, आणि कक्षातून थेट त्याच कर्मचाऱ्याच्या टेबलावर. मग आजींना फोन आला, ‘आजी, तक्रार कशाला करायची? फाईल आमच्याकडेच आहे ना.’ आवाज म्हणे गोड होता. आजींनी मात्र माझ्याकडे येऊन तक्रार मागे घ्यायचा कागद लिहून मागितला. मी दिला नाही.

कायद्यातली सुनावणी या ‘परस्पर कळवावे’मध्ये बुडते. लोकशाही दिनात विचारावे, तर समितीला न्यायिक अधिकार आहेत, हा विषय इथे घेता येत नाही, असे उत्तर मिळते. समितीला दंडाधिकाऱ्यांचे अधिकार आहेत हे खरे. तिचा आदेश पटला नाही तर तीस दिवसांत बाल न्यायालयात, आणि प्रतिपालन किंवा प्रायोजकत्वाचा निर्णय असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे, अपील करता येते. पण ओट्यावरच्या त्या प्रश्नाविरुद्ध अपील कशाचे करायचे? वागणुकीची तक्रार निराळी आणि आदेशावरचे अपील निराळे, हे खिडकीवरच्या माणसालाच माहीत नसेल तर अंगठा उठवणाऱ्या आजींना कोण सांगणार?

ज्यांचे मूल बालगृहात आहे त्यांची स्थिती याहून अवघड. मूल ज्यांच्या ताब्यात, त्यांच्याविरुद्ध लिहायला आईचा हात कसा धजावेल? मुलाचा सांभाळ करणाऱ्या संस्थेतल्या कर्मचाऱ्याने क्रूरता केली तर कलम ७५ मध्ये पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, पण ते कलम लागायला आधी कोणीतरी तोंड उघडावे लागते. चिडून काही जण मुलाचा फोटो आणि व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरवतात. ते मात्र करू नये. मुलाची ओळख उघड करणे कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे, आणि मग तक्रारदारच आरोपी होतो.

कक्षातले बरेच कर्मचारी कंत्राटी आहेत, मानधन वेळेवर येत नाही आणि एकेकाकडे दोन-तीन तालुके असतात, हे मी पाहते. त्यातले काही जण रात्री-अपरात्री मुलासाठी धावतात, तेही पाहिले आहे. म्हणूनच सुनावणी हवी. कर्मचाऱ्यालाही आपली बाजू मांडता येईल आणि गावगप्पांवर कोणी बदनाम होणार नाही.

सभासदांचे म्हणाल, तर वर्षातल्या किमान तीन चतुर्थांश बैठकांना हजर न राहणाऱ्याची नेमणूक चौकशी करून राज्य सरकार रद्द करू शकते. तेव्हा हजेरीपट माहितीच्या अधिकारात मागावा. त्यात मुलांची नावे नसतात, त्यामुळे गोपनीयतेचे कारण चालणार नाही. सगळे दरवाजे बंद झाले तर मुंबईला राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे. पण तालुक्याच्या बाईने मुंबई गाठावी हा काही उपाय नव्हे.

समितीच्या दारावर कलम २७(१०) चा मराठी फलक लावायला खर्च असा किती येतो? आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याच्याकडेच तो पाठवायचा नाही, एवढी सूचना जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या टपाल शाखेला द्यावी. समितीच्या कामाचा आढावा दर तीन महिन्यांनी घेणे त्यांना बंधनकारकच आहे. मागच्या आढाव्यात किती तक्रारी आल्या आणि त्यांतल्या किती स्वतः ऐकल्या, हे आपल्या वार्ताहराने त्यांना विचारावे, ही विनंती. आजींच्या अर्जावर सुनावणी झालेली नाही. आवक क्रमांक आणि त्या पत्राची प्रत माझ्याकडे आहे, हवी तर पाठवते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव व गाव छापू नये, पत्ता सोबत दिला आहे.)