मन्या, 24 बाय 36 चं जरा थांबव

नाशिक, रविवार संध्याकाळ

प्रिय मन्या,

तुझा मेसेज वाचला, "सहस्रचंद्रदर्शनाचा ग्रुप फोटो 24 बाय 36 इंच करून हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावून टाक, पैसे पाठवतो." बंगलोरला बसून ऑर्डर सोडणं सोपं आहे रे. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच तोडलं असतंस म्हणून सरळ लिहायलाच बसलो, निवांत वाच.

काल गंगापूर रोडला काकांच्या नव्या फ्लॅटवर गेलो होतो. टेप घेऊनच गेलो. सोफा साडेसहा फुटाचा आहे, म्हणजे 78 इंच. सोफ्यावरची फ्रेम सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश रुंदीपर्यंत चांगली दिसते, त्यामुळे 50 इंचापर्यंत काही प्रॉब्लेम नाही, तुझी 36 ची प्रिंट माउंट (फोटोभोवतीचा जाड पुठ्ठा) आणि फ्रेमची पट्टी धरून 42 च्या आसपास जाईल, म्हणजे भिंतीच्या हिशोबाने तू बरोबरच आहेस. हे आधीच कबूल करून टाकतो म्हणजे पुढचं ऐकशील.

मग मी रद्दीतले पेपर जोडून तीन फूट बाय दोन फुटाचा कागद केला आणि टेपने भिंतीवर चिकटवला. काका म्हणाले, "काय रे, खिडकी पाडतोयस का?" फोटोत माणसं आहेत 31, तीन रांगा, एका रांगेत दहा-अकरा. 36 इंचात अकरा माणसं बसवली तर एकेकाच्या वाट्याला तीन इंच येतात आणि त्यात खांदे पण आले, म्हणजे चेहरा उरतो जेमतेम इंचभर. पाण्याच्या बाटलीचं झाकण बरोबर त्या मापाचं निघालं. ते ठेवून स्केचपेनने 31 गोल काढले आणि काकांना त्यांच्या खुर्चीत बसायला सांगितलं, टीव्हीजवळची ती, भिंतीपासून दहा-अकरा फूट. काका चष्मा पुसून बघत राहिले आणि म्हणाले, "कुरडया वाळत घातल्यासारख्या दिसतायत." काकू आतून हसल्या.

आता खरं सांग, रोज त्या खुर्चीत बसून त्यांना तुझी पोरगी कुठली आणि ताईची कुठली ते कळणार आहे का? आपण सगळे भिंत मोजतो आणि मग प्रिंट ठरवतो, चेहरा केवढा येणार हे कोणी मोजतच नाही. काका आयुष्यभर नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, तिथे पोस्टाची तिकिटं छापतात. चार सेंटीमीटरच्या तिकिटावर गांधीजी ओळखू येतात की नाही? येतात, कारण तिथे एकटेच असतात आणि तिकीट भरून असतात. हे मी काकांना म्हटलं तर ते तिकिटाच्या भोकांबद्दल वीस मिनिटं बोलले, ते जाऊ दे.

ग्रुप फोटो दहा फुटावरून बघायचा नसतोच मुळी. तो जवळ जाऊन, बोट ठेवून बघायचा असतो, "हा कोण, ही कोण, हा तेव्हा केवढासा होता". आमच्याकडे बहिणीच्या लग्नाचा ग्रुप पॅसेजमध्ये आहे आणि काचेवर खालच्या डाव्या कोपऱ्यात कायम बोटांचे डाग असतात, तिथे माझी आजी बसलीये. म्हणून मी म्हणतो की तुझा ग्रुप 20 बाय 30 करू आणि पॅसेजमध्ये लावू. जवळून बघताना प्रिंट शार्प लागते, फोटोग्राफरची फाईल 6000 बाय 4000 पिक्सेलची आहे म्हणालास ना, तर 30 इंचाला इंचामागे 200 पिक्सेल पडतात, मस्त येईल. फक्त पॅसेजची उजवी भिंत नको, तिच्या पलीकडे बाथरूम आहे. पहिल्या पावसाळ्यात ओल आली की प्रिंट काचेला चिकटते आणि मग सोडवताना रंगच निघून येतो. त्यासाठी माउंट पाहिजेच, म्हणजे काच आणि फोटोमध्ये जरा जागा राहते.

आणि हो, आमच्या त्या ग्रुपची गोष्ट तुला माहीत नसेल. प्रदर्शनात 16 बाय 20 ची सुंदर सागवानी फ्रेम मिळाली म्हणून मी तिच्या मापाची प्रिंट काढायला दिली. कॅमेऱ्याचा फोटो असतो तीनास दोन, 16 उंचीला 24 रुंदी लागते, फ्रेम 20 चीच. दुकानदाराने काही न विचारता दोन्हीकडून दोन-दोन इंच उडवले. एका बाजूला जिजाजींच्या काकांचा खांदा गेला ते खपून गेलं, दुसऱ्या बाजूला आमची आत्या, तिचा एक कान आणि अर्धा पदर शिल्लक. घरी आली, फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अर्धी बोलावली होतीत होय मला?" आठ वर्षं झाली, अजून ऐकवते. चूक दुकानदाराची जेवढी तेवढीच माझी, आधी फ्रेम आणि मग फोटो असा उलटा कारभार केला. तुझ्या कॅमेऱ्याच्या फोटोला 8 बाय 12, 12 बाय 18, 20 बाय 30, 24 बाय 36 ही मापं न कापता बसतात. 8 बाय 10 किंवा 16 बाय 20 म्हटलं की कोणाची तरी आत्या जाणार. मोबाईलचा फोटो बहुतेक चारास तीन असतो, त्याला 6 बाय 8 नाहीतर 12 बाय 16.

आता हॉलचं. तिथे काका-काकू दोघांचाच फोटो लावू, छातीपर्यंतचा, 12 बाय 18, उभा. त्याच पेपरवर वाटी पालथी ठेवून दोन गोल काढून दाखवले, खुर्चीतून बघून काका लगेच म्हणाले, "हां, हे डोकं वाटतंय." सोफ्यावर एकटा लहान दिसेल असं तू म्हणशील, तर चारी बाजूंनी रुंद माउंट घेऊ आणि शेजारी तुझ्या आणि ताईच्या फॅमिलीचे असेच उभे दोन. प्रिंट आणि काच दोन्ही मॅटच घे, म्हणजे न चमकणारी, समोर बाल्कनी आहे, ग्लॉसी घेतलास तर फोटोत काकांऐवजी वाळत घातलेले टॉवेल दिसतील. आणि जुन्या वाड्यात लावायचे तसं माळ्याला टेकवून, पुढे झुकवून नको, सोफ्याच्या पाठीपासून सात-आठ इंचावर फ्रेम सुरू झाली पाहिजे.

एक गोष्ट जरा वाईट वाटेल पण लिहितो. आपल्याकडे माणूस गेला की मग धावपळ करून कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुपमधून चेहरा कापतात आणि मोठा करतात. माझ्या बाबांचा तसाच आहे, तुला माहितीये, तेराव्याच्या आधी घाईघाईत केलेला, डोळे नुसते दोन धूसर ठिपके आणि खांद्यावर कोणाचा तरी हात तसाच राहिलेला. कोणाचा ते आम्हाला अजून कळलेलं नाही. काका ठणठणीत आहेत, म्हणूनच आता काढायचा, भिंतीवर लावायचा आणि त्यांनी स्वतः बघून नावं ठेवायची.

तर तू दोन कामं कर. ग्रुपची फाईल मेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, साधा फोटो म्हणून पाठवलास तो 1600 पिक्सेलचा आलाय, त्यात 6 बाय 8 च्या वर काही होत नाही. आणि दिवाळीला येशील तेव्हा एक सकाळ मोकळी ठेव, बाल्कनीतला नऊ-साडेनऊचा उजेड छान आहे, मी बघून आलोय. काकूंनी येवल्याची पैठणी आत्ताच काढून ठेवलीये. काका म्हणतायत स्वेटर घालूनच बसणार, तो तपकिरी, कोपराला उसवलेला. तेवढं तू बघ, माझं ऐकत नाहीत.

तुझा,
पक्या