जॅक रसेल टेरिअर घरी आणण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान घरात कोणता कुत्रा पाळावा, असा प्रश्न आपल्या वृत्तपत्रातील पाळीव प्राण्यांच्या सदरात वाचक वरचेवर विचारतात आणि उत्तरात जॅक रसेल टेरिअरचे नाव ‘आकाराने लहान, चपळ आणि खेळकर’ अशा वर्णनासह हमखास येते. यातला एकही शब्द खोटा नाही. परंतु तेवढ्यावर विसंबून पिल्लू आणणाऱ्या कुटुंबाची, आणि त्याहून अधिक त्या पिल्लाची, कशी परवड होते हे या जातीच्या कुत्र्यांच्या सहवासात बरीच वर्षे राहिल्यामुळे मी जवळून पाहिले आहे. वर्ष-दीड वर्षाचा धडधाकट, बुद्धिमान कुत्रा ‘फार त्रास देतो’ म्हणून दुसऱ्याच्या हवाली केला जातो, तेव्हा सारा दोष त्याच्याच माथी मारला जातो; वास्तविक ज्याला आपण त्रास म्हणतो, ते बहुतेक वेळा माणसाने स्वतःच्या सोयीसाठी त्याच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरवलेले कसब असते.

इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात जॉन रसेल (१७९५–१८८३) नावाचे एक धर्मगुरू होते आणि त्यांना शिकारीचा विलक्षण नाद होता. ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ मध्ये, त्यांनी एका गवळ्याकडून ‘ट्रम्प’ नावाची पांढरी कुत्री विकत घेतली. तिच्या डोळ्यांवर, कानांवर आणि शेपटीच्या मुळाशी तेवढे तपकिरी ठिपके होते. तिच्यापासून त्यांनी जोपासलेल्या कुत्र्यांचे काम ठरलेले होते. शिकारी कुत्र्यांना चुकवून कोल्हा बिळात शिरला की मागोमाग आत जायचे, त्याला मारायचे नाही, पण भुंकून आणि डिवचून त्याला पुन्हा बाहेर यायला भाग पाडायचे. म्हणून अंग बिळात मावेल असे सडपातळ हवे, आणि धांदलीत कुत्र्यालाच कोल्हा समजण्याची चूक होऊ नये म्हणून रंग पांढरा हवा. आजही पुढच्या पायांमागे छातीचा घेर दोन्ही हातांच्या पंज्यांत मावतो की नाही, हे या जातीच्या परीक्षणात पाहिले जाते.

हे काम डोळ्यांसमोर ठेवले की घरातल्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीचा उलगडा होतो. जमिनीखाली गेलेला कुत्रा कुठे आहे हे वरच्या माणसाला केवळ त्याच्या भुंकण्यावरून कळत असे. त्यामुळे न थकता भुंकणारा कुत्रा हा त्या काळी गुणी कुत्रा होता. वाटेत माती आली तर ती उकरून पुढे जावे लागे, म्हणून बागेतले वाफे आणि सोफ्याची गादी त्याच्या नखांतून सुटत नाही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या अंधारात हुकूम द्यायला मालक नसे. आपल्यापेक्षा मोठ्या जनावरासमोर पुढे सरायचे की थांबायचे, हा निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागे. अशा कुत्र्याच्या वंशजाने प्रत्येक हाकेला निमूटपणे ओ द्यावी, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे. तो अत्यंत लवकर शिकतो, पण सांगितलेली गोष्ट करण्यात त्याला स्वतःला काही गंमत वाटली पाहिजे. ओरडण्याने आणि मारण्याने तो एक तर हट्टाला पेटतो किंवा चावरा होतो. दोन्हींची जबाबदारी आपली असते.

त्याला ‘दमवण्या’साठी दिवसभर चेंडू फेकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला अपुरा वाटतो. पाच-सहा किलो वजनाच्या आणि २५ ते ३० सेंटिमीटर उंचीच्या या देहाला रोज किमान तासभर मोकळे चालणे-धावणे हवेच, याबद्दल वाद नाही. मात्र नुसत्या धावण्याने त्याचा दम वाढत जातो आणि आज तासाने भागणारी भूक पुढे दोन तासांनीही भागत नाही. त्याच्या नाकाला आणि डोक्याला काम द्यावे. जेवणाचा काही भाग ताटलीत न वाढता गवतात विखरून द्यावा, जुन्या टॉवेलाच्या घड्यांत लपवावा, ओळीने पालथ्या ठेवलेल्या डब्यांपैकी एकाखाली खाऊ ठेवून तो शोधायला लावावा. उकरण्याची हौस भागवायला वाळू भरलेली एक पेटी त्याच्या हक्काची असावी आणि तिच्यात अधूनमधून खेळणे पुरून ठेवावे. दोरीची ओढाताण त्याला अतिशय आवडते. तीत ‘सोड’ म्हटल्यावर सोडायचे आणि लगेच खेळ पुन्हा सुरू व्हायचा, असा नेम पाळला तर त्याच खेळातून संयम अंगवळणी पडतो. वीस मिनिटे वास घेत शोध घेतलेला जॅक रसेल नंतर किती समाधानाने झोपतो, हे ज्याने पाहिले आहे तो पुन्हा चेंडूच्या यंत्राच्या नादी लागणार नाही.

काही गोष्टी मात्र कितीही शिकवले तरी बदलत नाहीत आणि त्या आधीच मान्य केलेल्या बऱ्या. खार किंवा मांजर दिसल्यावर पट्टा सुटलेला जॅक रसेल रस्त्यावरची वाहने पाहत नाही, तेव्हा कुंपण नसलेल्या जागी त्याला मोकळे सोडू नये. घरात पांढरे उंदीर, हॅमस्टर, ससा किंवा पक्षी असतील, तर ही जात आपल्यासाठी नाही. लहान मुलांशी तो छान रमतो, परंतु शेपूट ओढणे, अंगावर पडणे तो मुकाट्याने सोसत नाही. दोघांना एकत्र सोडताना मोठे माणूस जवळ असलेच पाहिजे. पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये आणि साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात त्याला निरनिराळी माणसे, आवाज आणि शांत स्वभावाचे कुत्रे यांची ओळख व्हावी. बाहेरच्या जगात नेताना लसीकरणाबाबत पशुवैद्यांना विचारून जागा निवडाव्यात.

प्रकृतीने ही जात काटक असून तेरा-चौदा वर्षे, पुष्कळदा त्याहून अधिक जगते. तरीही काही आनुवंशिक दोष ध्यानात ठेवावे लागतात. डोळ्यातील भिंग जागेवरून सरकण्याचा विकार ऐन उमेदीच्या वयात उद्भवतो आणि उपचाराला उशीर झाल्यास दृष्टी कायमची जाते. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा धूसर दिसला तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. चालताना मागचा एक पाय मध्येच उचलून दोन-तीन पावले लंगडी घालणे अनेकांना गोड वाटते, प्रत्यक्षात ते गुडघ्याची वाटी निसटत असल्याचे लक्षण असू शकते. तोल जाऊन पाय लटपटण्याचा एक मज्जाविकारही या जातीत आढळतो. काही पिल्ले एका किंवा दोन्ही कानांनी जन्मतः बहिरी असतात, आणि अशा पिल्लाला ‘ऐकत नाही’ म्हणून शिक्षा होणे यासारखी क्रूर गोष्ट नाही. भिंगाच्या आणि तोल जाण्याच्या विकारांसाठी जनुकीय चाचण्या, तर पिल्लांसाठी श्रवणचाचणी उपलब्ध आहे. आई-वडिलांच्या चाचण्यांचे निकाल दाखवायला जो ब्रीडर टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये.

केसांबद्दल थोडेच सांगते. गुळगुळीत, मिश्र आणि राठ अशा तिन्ही प्रकारांत केस गळतात. आखूड केसांचा म्हणून साफसफाई कमी, हा समज खरा नाही.

आपल्या सदराला माझी विनंती आहे की, यापुढे कोणत्याही जातीची शिफारस करताना उंची आणि वजनाच्या बरोबरीने ती जात मुळात कोणत्या कामासाठी घडवली गेली, हेही अवश्य छापावे. त्याचप्रमाणे मालकांनी सोडून दिलेल्या प्रौढ जॅक रसेलची माहिती देणाऱ्या प्राणी-निवारा संस्थांना सदरात थोडी जागा द्यावी. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव, मुलांशी आणि मांजरांशी असलेले त्याचे वागणे, एकटे राहण्याची त्याची तयारी हे सारे तिथल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असते, त्यामुळे ज्या कुटुंबाला पिल्लाच्या पहिल्या वर्षासाठी पुरेसा वेळ काढता येणार नाही, त्याला आपल्याजोगा सोबती तिथे अधिक खात्रीने मिळू शकेल.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक