सोनोग्राफीत 'खडा नाही' दिसलं, तर ल्यूपस आठवा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

ल्यूपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार, म्हटलं की गालावरचे चट्टे, सांधे आणि मूत्रपिंड पाहिले जातात. आतडी आणि मूत्राशय राहून जातात. त्यांचा आजार दुर्मिळ आहे, पण वेळेत ओळखला तर बहुतेकदा औषधांनी आटोक्यात येतो.

ल्यूपस असलेल्या एखाद्या बाईचं पोट फुगतं, उलट्या होतात, शौचाला होत नाही. एक्स-रेत आतडी फुगलेली दिसतात, म्हणून 'आतडं अडकलं' समजून पोट उघडलं जातं. आत अडथळा सापडत नाही, कारण आतड्याची हालचालच मंदावलेली असते. त्याच बाईला दर अर्ध्या तासाने लघवीला जावं लागतं, ओटीपोट दुखतं. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू येत नाहीत, तरी अँटिबायोटिकचे कोर्स चालूच. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर मात्र सगळं लिहिलेलं असतं: दोन्ही मूत्रपिंडांना सूज, मूत्रनलिका रुंद, खडा नाही. दोन्हींच्या मुळाशी ल्यूपसच असू शकतो, पण पोट आणि लघवी या दोन तक्रारी दोन विभागांत वाटल्या गेल्या की ही ओळ कुणीच नीट वाचत नाही.

आधी सीटी स्कॅन करून आतडं फुटलेलं नाही, हे पाहावं. आपल्याकडे क्षयरोगही पोट आणि मूत्राशय असाच धरतो. तो न तपासता स्टेरॉइड सुरू करणं धोक्याचं. मग मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, 500 मिलिग्रॅम ते 1 ग्रॅम रोज, शिरेतून, 3 दिवस. पुढे प्रेडनिसोलोन वजनाच्या किलोमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत, हळूहळू कमी करत. तोवर तोंडाने काही नाही, नाकातून नळी, सलाईन आणि पोटॅशियमवर लक्ष. ते घसरलं तर आतडं आणखी सुस्तावतं. एवढ्याने भागलं नाही तर सायक्लोफॉस्फामाइड, हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. त्यानेही मूत्राशयातून रक्त येऊ शकतं, म्हणून भरपूर पाणी आणि गरजेनुसार मेस्ना, हे मूत्राशय जपणारं औषध. रक्तातलं क्रिएटिनिन चढत असेल, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावत असेल, तर मूत्रनलिकेत स्टेंट (बारीक नळी) घालावा लागतो. उशीर झाला तर मूत्राशय आकसतं, आणि आकसलेलं मूत्राशय गोळ्यांनी पूर्ववत होत नाही.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सी3, सी4 आणि अँटी-डीएसडीएनए या ल्यूपससाठीच्या रक्ततपासण्या व्हाव्यात, मिथाइलप्रेडनिसोलोन कायम उपलब्ध असावं. उपजिल्हा रुग्णालयांना एका पानाची सूचना जावी: ल्यूपसच्या रुग्णाचं पोट फुगलं तर सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं बघा, आणि आतडं फुटल्याची खूण नसेल तर शस्त्रक्रियेआधी संधिवाततज्ज्ञाला किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या फिजिशियनला फोन करा. त्या पानावर तो नंबर छापलेला असावा.

आपले,
ल्यूपसवर उपचार करणारे डॉक्टर