आमच्या मायची सांदवाडी सांभाळणाऱ्या पोराला

बाबू,

फोनवर आभार मानायला घेतले की तू "ताई ठेवतो, गिऱ्हाईक आलं" म्हणतोस, म्हणून शेवटी इथं सगळ्यांसमोर लिहितेय. तुझं नाव टाकत नाही, तुला आवडणार नाही. पण वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाकडचं कुणी वाचलं तर त्यांना समजेलच की मोबाईल रिपेरिंगवाला पोरगा म्हणजे कोण.

मायचं लग्न १९६८ चं. साल तिच्या पक्कं लक्षात आहे कारण त्याच वर्षी तुकडोजी महाराज गेले, आणि नदीपलीकडे मोझरीला त्यांच्या आश्रमात दर्शनाला गेलेली घरची माणसं रडत परत आली होती असं ती अजून सांगते. तेव्हापासून घरामागची सांदवाडी तिचीच. जामाचं (पेरूचं) झाड, निंबू, गोडलिंब (कढीपत्ता), मुंगना (शेवगा), विहिरीच्या काठाला चमकोरा (अळू), मांडवावर वाल आणि दोडके, पावसाळ्यात अंबाडी, हिवाळ्यात सांबार (कोथिंबीर) आणि भेदरं (टोमॅटो). आम्ही लहान असताना भाजी विकत आणायची म्हणजे कांदे-आलू, बाकी सगळं मागच्या दारानं यायचं.

मग बाबा गेले, तिचे गुडघे गेले, डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून सांगितलं. भाऊ सुरतला, मी पुण्यात. पैसे पाठवता येतात, माणूस कुठून पाठवणार, सोयाबीन काढायच्या आणि कापूस वेचायच्या दिवसांत गावात मजूर शेतालाच मिळत नाही तर सांदवाडीत कोण येणार. दोन पावसाळ्यांत गाजरगवत छातीला आलं. एकदा न्हाणीजवळ घोणस निघाली तेव्हापासून सगळे म्हणायला लागले की सरळ फरशी टाकून घ्या, कटकट संपेल. माय नको म्हणाली नाही. तिनं फक्त मागचं दार उघडणं बंद केलं, आणि मला ते फोनवर कित्येक महिने कळलंच नाही.

तू तिचा दुरुस्त केलेला फोन द्यायला घरी आलास आणि ते दार तुझ्यामुळे उघडलं. साफ करून देऊ का असं तू विचारलंच नाहीस. "आजी, इथं काय काय होत होतं?" एवढं विचारलंस. माय म्हणते ती बोलत राहिली आणि तू ऐकत राहिलास, दुकान उघडायची वेळ टळून गेली तरी उठला नाहीस. मला या एका गोष्टीसाठी तुझे पाय धरावेसे वाटतात, खरंच सांगते, कारण मदत करायला येणारं माणूस बहुतेक वेळा आधी हात घालतं आणि म्हाताऱ्या माणसाला खुर्चीवर बसवून ठेवतं.

रविवारी म्हाताऱ्यांच्या घरी कामाला जाणारी तुम्ही पोरंपोरी पहिल्या रविवारी विळे-खुरपी घेऊन आमच्याकडे आलात तेव्हाचा किस्सा तर ती आल्यागेल्या प्रत्येकाला सांगते. एका पोरीनं गवत म्हणून तरोटा उपटायला घेतला आणि माय आतून ओरडली, "अवो पोरी, तो कवळा हाय, भाजी होते त्याची!" मग तिनं दारात उभं राहून एकेक दाखवलं, हे गाजरगवत मुळासकट काढा, ही पाथरी ठेवा, ही चिवळ ठेवा, आणि गाजरगवताला हातमोजे घाला नाहीतर अंगाला खाज सुटते. त्या दिवसापासून कोणतंही रोप तिला विचारल्याशिवाय निघत नाही हा नियम तू केलास आणि तो अजून पाळतोस.

बाकीचं काम पण किती डोकं लावून केलंस. तिला वाकता येत नाही म्हणून गोठ्याच्या पडक्या भिंतीच्या विटा लावून कमरेएवढे उंच वाफे बांधले, त्यात नुसती काळी माती भरली असती तर पावसात चिखल आणि उन्हात दगड झाला असता, म्हणून तू रेती आणि कुजलेलं शेणखत अर्धंअर्धं मिसळलंस. वर सोयाबीनचं कुटार (भुसा) पसरलंस. आता ती स्टूलवर बसून मेथी खुडते, सांबार पेरते, कुणाच्या आधाराशिवाय.

आणि ती गाडगी! उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, नळाचं पाणी रोज येत नाही, आणि बादल्या उचलणं तिला आता शक्य नाही. तू कुंभाराकडून साधी मातीची गाडगी आणून झाडांच्या बुडाशी गळ्यापर्यंत पुरली, रंग दिलेली आणली नाहीस कारण रंग दिला की पाणी झिरपत नाही. माय ती गडव्यागडव्यानं (तांब्यातांब्यानं) भरते, पाणी हळूहळू मुळाशी जातं, वर झाकण असतं म्हणून मच्छर होत नाहीत. नवतपात, मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, निंबूचं झाड हिरवं राहिलं बाबू. त्या दिवसांत तुम्ही उजाडायच्या आधी यायचात आणि ऊन चढायच्या आत जायचात, तुझी स्वतःची शेती आहे, पेरणीची तयारी होती, तरी आलात.

वांदरांचा त्रास पूर्ण नाही गेला, जाम अजून तेच खातात, पण मांडवाभोवती जुनी लुगडी बांधायची तुझी आयडिया चालली, वाल वाचला.

वालाचंच सांगायचं होतं खरं. माय वालाचं बी राखेत घोळून गाडग्यात ठेवते, तिच्या सासूकडून आलेलं बी आहे ते, शेंग रुंद आणि दाणा मोठा. तू ते मागितलंस. नुसतं मागितलं नाही, कधी पेरायचं, किती अंतरावर, मांडव कोणत्या दिशेनं, बियासाठी कोणत्या शेंगा वेलीवरच वाळू द्यायच्या, हे सगळं तुमच्यातल्या कॉलेजच्या पोरीकडून वहीत लिहून घेतलंस, आणि ज्या ज्या म्हाताऱ्यांच्या घरी तुम्ही जाता तिथं ते बी पोचवलंस. रिटायर गुरुजींच्या अंगणात आता आमच्या मायचा वाल आहे आणि त्यांनी बदल्यात शेवंतीची मुनवं (लावायचे फुटवे) पाठवली. खालच्या आळीतल्या आजींकडून लाल अंबाडीचं बी आलं, तिचं सरबत मी दिवाळीनंतर गेले तेव्हा प्यायले.

बाबा गेल्यापासून माय सगळ्यांकडून घेतच होती. औषधं, डबा, पैसे, कुणाचा तरी हात धरून देवळात जाणं. घेऊन घेऊन माणूस लहान होत जातं, ते मी तिच्या आवाजात ऐकत होते. आता मी फोन केला की ती म्हणते, "थांब वो, पोट्टे आले, त्यायले शेंगा द्याच्या हायेत." तुम्ही तिच्याकडून शेंगा घेऊन जाता, नको म्हणत नाही, याचे मी सगळ्यात जास्त आभार मानते. भाजी तुमच्या घरी पण असेल, मला माहीत आहे.

तुम्ही मुलांनी एकदाही तिचा फोटो काढून कुठं टाकला नाही हे पण माझ्या लक्षात आहे.

गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना होते तिथं पूर्वी सकाळी ग्रामसफाई व्हायची, बाबा जायचे. ते असते तर त्यांनी तुला घरी बोलावून शेजारी बसवून जेवू घातलं असतं. ते आता मायच करते, आणि तू जेवतोस असं कळलं, छान वाटलं. तुझ्या आईलाही माझा नमस्कार सांग, रविवारी घरची कामं सोडून पोराला दुसऱ्यांच्या सांदवाडीत जाऊ देणं सोपं नसतं.

पैशाचं तू ऐकणार नाहीस म्हणून ते बोलत नाही. पण मृगाच्या आधी मी येतेय, चांगल्या पोलादाची खुरपी आणि हातमोजे आणते, पोरींच्या हातांच्या मापाचे पण. आणखी कुणाच्या घरी उंच वाफे बांधायचे असतील तर विटांचा खर्च माझ्याकडे. आणि गुरुजींना विचारून ठेव, त्यांना निंबूची कलमं हवी होती, किती आणू ते कळव.

तुझी,
पुण्याची ताई